ठाकरवाडीची नोंद

सर, तुमच्या मोठ्या वहीतली ठाकरवाडीची नोंद आता मोबाईलवर वाजते. खरंच वाजते. मागं ढोल-ताशा लावलाय, वरून ड्रोननं काढलेले आपले डोंगर गरगर फिरतात, आणि कुणी एक तरुण घसा खाली ओढून भारदस्त आवाजात सांगतो की या वाडीतले लोक मूळचे इथले नव्हेत, धरणाच्या कामाला घाटाखालून आले आणि काम संपल्यावर इथंच राहिले. मग तो वाडीतल्या त्या म्हातारीचं नाव घेतो. हे तिनंच सांगितलंय म्हणतो, आणि खाली पुरावा म्हणून आपल्या शाळेचं पान दाखवतो. तुम्ही असता तर आधी तो ढोल बंद करायला लावला असता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आमच्या स्टाफरूममध्ये तुम्हाला पाहिलेलं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. कुणापाशी बोलावं ते कळेना, म्हणून सहामाहीचे पेपर बाजूला सारून हे लिहायला बसलेय.

मी अजून त्याच वर्गात इतिहास शिकवते. खिडकीतून दिसणारी भाताची खाचरं तीच, बाकांवर कोरलेली नावं तेवढी बदलली. तुम्ही नकाशा टांगायचात त्या खिळ्याच्या जागी आता टीव्ही आहे, हा एवढा थोरला. त्यावर इंटरनेट येतं. म्हणजे येतं तेव्हा येतं. डोंगरावरून ढग उतरले की जातं, आणि आंदर मावळात ढग उतरायला काय निमित्त लागतं! पण खोटं कशाला बोलू, मला हे सगळं आवडतं. लॉकडाऊनमध्ये टेकडीवर छत्री धरून रेंज शोधत शिकलेय मी. आता तालुक्यातले बाकीचे शिक्षक फोन करून मला विचारतात, मॅडम, ते नाण्याचं चित्र कुठं मिळालं, तो जुना नकाशा कुठं सापडला. वडगावच्या पुढं न गेलेली पोरं बाकावर बसून लेण्यातला शिलालेख अक्षर अक्षर मोठं करून बघतात. तुम्ही आम्हाला तोच बघायला चालवत नेलं होतं आणि अर्ध्या वर्गाच्या पायाला फोड आले होते, तेव्हा तुमच्या वेळचंच सगळं चांगलं असं काही मी म्हणणार नाही. फक्त एवढंच की 'मावळचा इतिहास' असं टाकलं की आधी भुशीचं धरण निघतं, त्याच्या पायऱ्यांवर बसून भिजत कणसं खाणारी माणसं निघतात. पोरं फिदीफिदी हसतात. मी पण हसते, आणि पुढं शोधते.

तुमची पद्धत वेगळी होती. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकानं एका जुन्या माणसासमोर जाऊन बसायचं आणि ते सांगेल ते लिहून आणायचं. वर सांगणाऱ्याचं नाव, कुठं बसून सांगितलं ती जागा, खाली लिहून घेणाऱ्याचं नाव आणि इयत्ता. मधे आपल्या पदरचं काही घालायचं नाही, त्यांची बोली सुधारायची नाही. शाळा सुरू झाली की तुम्ही एकेकाला टेबलाशी बोलवायचात, कागद वाचायचात, आणि वाचून झाला की एकच प्रश्न विचारायचात, "काय दिलं त्यांनी तुला?" म्हणजे खायला-प्यायला. आम्हाला वाटायचं, सर खादाड आहेत. पोरं मागं खुसुखुसू हसायची. आपल्या भागात दारात येऊन बसलेल्याला कुणी कोरडं पाठवत नाही, आणि खरंच जो जाऊन बसला त्याला काय मिळालं ते झटकन सांगता येतं, हे मला फार उशिरा कळलं. ज्याची नोंद तुम्हाला पटायची ती तुम्ही स्वतःच्या त्या तिरप्या अक्षरात मोठ्या वहीत उतरवून घ्यायचात. त्या वहीत आपलं नाव यावं म्हणून आम्ही जीव टाकायचो. सातवीत मी गाईडमधनं एक लढाई जशीच्या तशी उतरवून आणली होती. तुम्ही विचारलंत, "हे कुणी सांगितलं?" मी म्हटलं, पुस्तकानं. तुम्ही म्हणालात, "पुस्तक कुठं बसलं होतं? ओट्यावर का पडवीत?" सगळा वर्ग फुटला. मी आठवडाभर मान वर केली नव्हती, सर. मला वाटतं पुढच्या वर्षीचं सगळं त्या हसण्यातूनच निघालं. आता हे काही निमित्त म्हणून सांगत नाही. किंवा सांगतही असेन.

आठवीत तुम्ही मला ठाकरवाडी दिलीत. "तिथलं आपल्या वहीत काहीच नाही. तू जा, तुझं अक्षर चांगलं आहे." आमच्या घरापासून पाऊण तासाची चढण. वाडीतली माणसं आवणीला, भाताची रोपं लावायला, आमच्या खाचरात यायची, मी त्यांना भाकरीची पाटी नेऊन द्यायची. पण त्यांच्या दारात जाऊन, त्यांच्या समोर खाली बसून, त्यांना काही विचारायचं? आमच्या घरात ते कुणी केलेलं नव्हतं. वडील गोठ्यापाशी दोर वळत बसले होते. मी विचारलं, जाऊ का? ते म्हणाले, "तितं कशाला जातीस? धरनाच्या कामाला आलेली मान्सं ती. त्यांचा कसला आलाय इतिहास? लिव्ह, मी सांगतो." त्यांनी मला अडवलं नाही. नुसतं म्हणाले. जायचं असतं तर मी गेले असते. मलाच नको होतं ते, उन्हात चढायचं नव्हतं आणि त्या दारात बसायचं नव्हतं. मी गोठ्याच्या सावलीत बसले, त्यांनी दोर वळता वळता जे सांगितलं ते घेतलं, आणि वाडीतली जी म्हातारी आमच्याकडं आवणीला यायची तिचं नाव वर घातलं. 'तिच्या घराच्या ओट्यावर बसून' असंही लिहिलं. आणि सगळं तिच्या तोंडी घातलं. आमी भाइरचं. आमी पोटापायी आलो. आमाला हितं कोन वळखत न्हवतं. तिची बोली मला चिखलात उभ्या उभ्या ऐकून पाठ होती. नक्कल अशी झकास उतरली की लिहिताना माझं मलाच गहिवरून आलं. काय मेली अक्कल!

तुम्ही ती वर्गात मोठ्यानं वाचलीत. म्हणालात, "हिचे कान बघा, कसे ऐकतात." मग टेबलाशी बोलवून तो नेहमीचा प्रश्न. काय दिलं? मी घरी त्याचा विचारच केला नव्हता. तोंडात आलं ते बोलले, "चहा दिला, सर. दुधाचा." या वेळी नोंद आधीच मोठ्या वहीत उतरवून तुम्ही पेनाचं टोपण लावत होता, ते तसंच राहिलं. "दुधाचा?" "व्हय, सर." तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मग कागदाकडं, मग टोपण लावलंत. दुसऱ्या दिवशी मला एक कोरी वही दिलीत, उत्तरपत्रिकांची उरलेली पानं जमवून दाभणानं शिवलेली, पुढच्या नोंदींसाठी म्हणून. मी त्यात सिनेमातली गाणी उतरवली. आमच्या घरी दोन म्हशी होत्या, सर. कुणाकडं चहा झाला म्हणजे तो दुधाचाच असणार, दुसरा चहा असतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

मला नोकरी लागल्यावर पेढे घेऊन मी लोणावळ्याला आले होते, ते आठवतं तुम्हाला? तुम्ही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि काकू गेल्याला वर्ष झालं होतं. बाजारामागच्या गल्लीत तुमच्या त्या दोन खोल्या, भिंतीला ओल, स्वयंपाकघरात एका दोरीवर धोतर आणि टॉवेल वाळत टाकलेला. मी म्हणाले, मी करते चहा. तुम्ही ऐकेनात. साखर ओट्यावर सांडत होती, आणि तुम्ही मला पाठ करून उभे. मला ते आत्ता दिसतंय. तुम्ही पातेलं उतरवता, गाळता, आणि माझ्यापुढं कोरा चहा ठेवता. "दूध नाही. डॉक्टरनं बंद केलंय. तुला चालेल ना?" मी म्हणते, चालेल की. मग तुम्ही समोर बसता आणि कपाकडं बघत म्हणता, "ठाकरवाडीला मी किती वेळा गेलो असेन, पोरं शाळेत घालायला. भाकरी खाल्ली, कोरा चहा प्यालो. दूध कुणाच्या घरात नसायचंच तिथं. तुला तेवढा दुधाचा मिळाला." तुम्ही हसला नाहीत, रागावला नाहीत. नुसते थांबलात. ते थांबणं माझ्यासाठी होतं, एवढं न कळायला मी आता आठवीत नव्हते. मी म्हणाले, "सर, पेढा घ्या ना." तुम्ही पेढा घेतलात. निघताना माळ्यावरची पिशवी काढून मोठी वही मला दिलीत. "शाळेत ठेव. फाडलेलं पान मला बघवत नाही, म्हणून काही फाडलं नाही. पण यातलं ज्यानं लिहिलं त्यानं दुरुस्त करावं, एवढं सांगून ठेवतो." मी नमस्कार केला. बाहेर पडल्यावर स्टेशनपर्यंत मी जवळजवळ पळत गेले. त्याच थंडीत तुम्ही गेलात, आणि मला रडताना सगळ्यांनी बघितलं. पण त्यातलं थोडं रडू सुटका झाल्याचं होतं, हे कुणाला कसं कळणार.

वही वीसेक वर्षं शाळेच्या कपाटात होती. मग प्रत्येक शाळेनं आपल्या गावाच्या इतिहासाचं एक पान इंटरनेटवर करायचं ठरलं. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, हे तुमचंच खातं. मी वही काढली आणि टाईप करत सुटले. काय काय निघालं त्यात, सर! कुठल्या खिंडीतून बैल कसे उतरवायचे, पटकीच्या साथीत गाव कसं रानात जाऊन राहिलं, कुणी पहिल्यांदा रॉकेलचा दिवा आणला. एवढं सगळं तुम्ही पोरांच्या हातून जमवलं होतंत, आणि जगात दुसरीकडं ते कुठंच नाही. मग ठाकरवाडीचं पान आलं. मला आठवलं नाही असं म्हणायची सोय नाही. आठवलं, हात थांबला. पण ती नोंद सगळ्यांत वाचनीय होती हो! आणि मनात आलं, कोण वाचतंय इथं? इतकी वर्षं कुणाला काही बोचलं नाही. मी टाईप केली. वर तुमचं नाव घातलं, 'आमच्या आदरणीय सरांच्या हस्तलिखित वहीतून'. म्हातारीचं नाव घातलं. खाली 'लिहून घेणार' म्हणून माझं माहेरचं नाव होतं, तेवढं सोडून दिलं. बाकीच्या नोंदींखालची नावं सगळी ठेवली, ती मुलं आता मोठी झालीत, त्यांना बरं वाटेल म्हणून. माझंच तेवढं काढलं.

यंदा नववीला मी एक उपक्रम दिला. आपल्या वस्तीबद्दल इंटरनेटवर तीन ठिकाणी काय लिहिलंय ते शोधा, ताडून बघा. तिन्हीकडं जुळलं तर माहिती भरवशाची, नाही जुळलं तर प्रश्न विचारा. मलाच फार हुशारीचं वाटलं होतं ते. ठाकरवाडीची एक पोरगी आहे वर्गात, वाडीतून नववीपर्यंत आलेली यंदाची एकटीच. रोज ती चढण उतरून येते, पहिल्या बाकावर बसते, आणि कान इतके तिखट की मी फळ्याकडं तोंड करून पुटपुटले तरी तिला ऐकू जातं. तिनं आपली वही आणून पुढ्यात ठेवली. एक आपल्या शाळेचं पान, एक डोंगर चढणाऱ्या कुणाचं तरी लेखन, आणि एक तो ढोलवाला व्हिडिओ. "मॅडम, तिन्हीकडं सेम हाय. शब्दाला शब्द. मंजे खरंच आसनार ना?" सेम असायचंच, सर. ते दोघं माझ्या पानावरून उतरवून घेतलेले. माझं तुमच्या वहीवरून. तुमची वही माझ्या कागदावरून. आणि माझा कागद गोठ्याच्या सावलीतून. मी म्हटलं, "बघू." ती गेली नाही. म्हणाली, "माजा आजा मंतो आमी हितलंच. पर हे नाव माज्या पणजीचं हाय. मी आज्याला ऐकवलं. त्यो जेवलाच न्हाई."

दोन दिवसांनी आजोबा आले. काठी टेकत, पोरीच्या खांद्यावर हात ठेवून, मधल्या सुट्टीत. सगळे त्यांना आबा म्हणतात. मी खुर्ची दिली, ते उंबऱ्याशीच बसले. मी म्हटलं, आबा, वर बसा. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, बाई. मला येकच इचारायचंय." आणि मग बोलायला लागले. खाली बघून, हळूहळू, जसं काही पाठ करून आले होते. "मी काखंत व्हतो तवा धरनाचं पानी आलं. आय सांगायची, आपलं घर त्या पान्याखाली हाय. उन्हाळ्यात पानी उतारलं का मला काठावर न्यायची. जोत्याचं दगुड उगडं पडायचं, त्ये बोटानं दावायची. मनायची, ती चूल व्हती, हितं तुजा पाळना बांदला व्हता. दर साली न्यायची. मी माज्या पोरांना नेलं, हिलाबी नेलं. आन् आता ह्यो मोबाइलवाला मंतोय का आमी भाइरचं, आन् माज्या आयनंच त्ये शाळंत सांगितलं. पोरीनं मला तीन डाव लावून दावलं. आयचं नाव घेतोय त्यो." मग त्यांनी मान वर केली. "बाई, तुमी शिकल्याल्या हायसा. ती कुनाशी खोटं बोलली? माज्याशी का शाळंशी?"

सर, मला आयुष्यात कुणी एवढा मोठा प्रश्न विचारलेला नाही. वाडी जुनी का नवी, सरकारदरबारी काय लागेल, असलं काही त्यांच्या डोक्यातच नव्हतं. पंच्याहत्तरीच्या पुढचा माणूस, आई जाऊन कितीतरी वर्षं झालेली, आणि त्याला फक्त हे हवं होतं की आपल्या आईनं दरवर्षी काठावर नेऊन दाखवलेले ते दगड खरे होते का. तो आईवर रुसून बसला होता. मेलेल्या आईवर. माझ्यामुळं. आणि त्याला तिथल्या तिथं सोडवायला मला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "आबा, तुमच्या आई खोटं बोलल्या नाहीत. चूक झालीय." त्यांनी विचारलं, "कुनाची?" मी उठले, कपाट उघडलं, वही काढली. कशाला काढली? वेळ काढायला, दुसरं काय. ते म्हणाले, दावा मला आयचं नाव कुटं हाय. मी पान उघडून समोर धरलं. त्यांना वाचता येत नाही. पोरीनं बोट ठेवून दाखवलं, तसं त्यांनी त्या नावावर आपला अंगठा हलकेच फिरवला. पोरगी वाचायला लागली. छान वाचते ती, न अडखळता. वरून खाली येत होती, ओळीमागून ओळ, आणि शेवटच्या, 'लिहून घेणार' या ओळीवर मी माझा तळहात ठेवला. वही धरल्यासारखा. ती थांबली. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. आबा म्हणाले, "ह्ये कुनी लिव्हलं?" अक्षर तुमचं होतं, सर. तिरपं, निळ्या शाईचं, ते तर समोर होतंच. मी म्हणाले, "आमच्या सरांनी."

त्यांनी वहीवरचा अंगठा काढला. मग म्हणाले, "त्यो उंच, चष्मेवाला? पायी यायचा त्यो? लय भला मानूस. आमच्यात बसून भाकर खाल्ली त्यानं. मला शाळंत घालाय न्हाई जमलं, पर माज्या भावाला घेऊन गेला हाताला धरून." आणि मग, "आसं का लिव्हलं मंग त्यानं?" मी म्हणाले, "ऐकण्यात चूक झाली असेल, आबा. माणूस चुकतं." ते म्हणाले, "आयला इचारलंच नसंल त्यानं. इचारलं असतं तर तिनं काठावर नेलं असतं त्याला." उठले. उठताना गुडघ्यावर हात दाबला, माझा हात घेतला नाही. दारातून वळून म्हणाले, "आय खोटं न्हाई ना बोलली?" मी म्हटलं, नाही, आबा. त्यांचा चेहरा असा सैल पडला, सर, की मला तिथंच बसावंसं वाटलं. पण पोरीला ते काय म्हणाले तेही मी ऐकलं. व्हरांड्यातून जाताना, नेहमीच्या आवाजात, "बग, आमची भाकर खाऊन त्यानं आसं केलं." आईवरचा त्यांचा राग गेला. तो तुमच्यावर गेला.

त्याच दुपारी मी शाळेचं पान दुरुस्त केलं. ठाकरवाडीची नोंद काढली, आबांनी सांगितलं ते घातलं, पाण्याखालची चूल, पाळणा, दगड, सगळं, त्यांच्या नावानं, त्यांच्याच बोलीत. दुरुस्तीचं कारण लिहायला एक चौकोन येतो तिथं. मी लिहिलं, 'मूळ वहीतील नोंद चुकीची आढळली.' तीन वेळा खोडलं आणि तीन वेळा तेच लिहिलं. त्या ढोलवाल्याला निरोप पाठवला, त्याचं उत्तर नाही; व्हिडिओ अजून वाजतोय. दुसऱ्या दिवशी तासाला ती पोरगी उभी राहिली. सगळ्या वर्गासमोर, अगदी साधेपणानं विचारलं, "मॅडम, तुमचे सर सगळंच आसं लिव्हायचे का? मंग त्या वहीतलं बाकीचं खरं कशावरनं?" पोरं माझ्याकडं बघत होती. चांगला प्रश्न होता, सर. मीच शिकवलंय तिला असे प्रश्न विचारायला. मी म्हटलं, "शाब्बास. असंच तपासून बघायचं," आणि टीव्ही लावला.

तेव्हापासून ती माझ्या तासाला मागच्या बाकावर बसते. उत्तरं बरोबर लिहिते, पण हात वर करत नाही. तुमची वही तिच्या लेखी आता रद्दी आहे, बैलांची खिंड आणि पटकीची साथ सगळ्यासकट, आणि ते मी डोळ्यांदेखत होऊ दिलं. ती त्या हाताचं कुणापाशी बोललेली नाही, असं दिसतं. बोलेल का, ते माहीत नाही. बोलली तर बरं होईल असं कधी वाटतं, आणि दुसऱ्याच क्षणी न बोललेलीच बरी असं वाटतं. नोकरीला काही होणार नाही हो, कुणी मला काढणार नाही. चार दिवस हसतील लोक. आठवीतल्या पोरीची एक लबाडी, त्यात एवढं काय, असंच म्हणतील. तेवढं हसूसुद्धा मला सोसवत नाही, म्हणून मी तुम्हाला पुढं केलं. तुम्ही गेलेले, तुम्हाला काय लागणार होतं, असा हिशेब केला मी. तुमच्याइतकं मला आयुष्यात कुणी सांभाळून घेतलं नाही, आणि मी तुम्हालाच विकलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तेव्हा शेवटचं तेवढं लिहून टाकते. त्या दिवशी आबा गेल्यावर मला हलकं वाटलं होतं. डबा पोटभर खाल्ला. परवा वडगावच्या बाजारात ते लांबून दिसले, भाजीवाल्यापाशी उभे होते, आणि मी दुसऱ्या गल्लीनं वळले. त्यांना अजून ऐकायला चांगलं येतं. वाचता येत नाही, पण वाचून दाखवायला घरात नात आहे. तरी मी पत्र तुम्हाला लिहिलं.